विकीची बेंबी

रायपुरातल्या मराठी घरांत पाळणा हलला की पहिलं झबलं पद्मजाकाकूंकडून यायचं, हा ठरून गेलेला रिवाज होता. जुन्या धुतलेल्या मलमलीचं, बंद मागे, शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे लेकराला कुठे टोचायला नको. आणि पोटावर कापड दुहेरी. ‘पोटाला वारा लागू नये म्हणून,’ असं ती सांगायची आणि बायकांना ते पटायचं. सदर बाजारातल्या साडीवाल्यांचं फॉल-पिको करून तिचा हात इतका बसला होता, की बोलता बोलता झबलं शिवून व्हायचं.

पण तेच झबलं घातलेलं लेकरू तिने कधी मांडीवर घेतलं नाही. बारशाला यायची, ओटी भरायची, पाळणा म्हणायची, घुगऱ्या पदरात घ्यायची, आणि कुणी हौसेने बाळ पुढे केलं की ‘माझे हात थंड असतात जी’ म्हणून उठायची. रायपूरच्या वैशाखात टाकीचं पाणीसुद्धा हात भाजतं. तिथे हिचेच हात थंड कसे, हे कुणी विचारायचं नाही. मागून मात्र बोलायचे. कुणी म्हणे शिष्ट आहे. कुणी त्याहून वाईट म्हणे, की हिने हात लावू नये तेच बरं. हे दुसरं बोलणं पद्मजाच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचा राग आला नव्हता, कारण तिचंही स्वतःबद्दल तेच मत होतं. आपल्या हातांनी आपलं पहिलं लेकरू गेलं, असं ती मानत होती. जवळजवळ चाळीस वर्षं.

ती आमगावकडची. लग्न होऊन रायपूरला आली ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नवरा शंकर वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. स्वभावाने गरीब, कुणाला मोठ्याने बोलायचा नाही, आईला तर नाहीच. घरात राज्य सासूचं. सासू वाईट होती असं म्हणता येणार नाही. सुनेला डिंकाचे लाडू स्वतः करून घालणारी, नातवाला स्वतःच्या हाताने तेल लावणारी बाई. फक्त आपलं चुकतं हे तिला कधी सुचलंच नाही, आणि ते सुचवायची घरात कुणाची छाती नव्हती.

त्या घरात विकी जन्मला. पाळण्यातलं नाव दत्तात्रेय, पण शेजारच्या बंगाली बाईने विकी म्हटलं आणि तेच चिकटलं. नाळ पडली आणि थोड्या दिवसांत त्याची बेंबी वर येऊ लागली. रडला की फुगायची, लिंबाएवढी. गप्प झाला की आत जायची. सासूने तांब्याचा ढब्बू पैसा हळदीच्या चिंधीत गुंडाळला, बेंबीवर ठेवला आणि वरून धोतराची पट्टी करकचून आवळली. सुनेला बजावलं, ‘बोंबीतून जीव येते आन् बोंबीतूनच जाते. पट्टी ढिली नाई झाली पाह्यजे.’

महिना वैशाखाचा. पत्रा तापलेला, पंखा गरम हवा ढवळणारा. पट्टीखाली लेकराचं पोट घामोळलं, मग सोललं, मग ओलं राहू लागलं. पैशाचा गोल काठ कातडीत रुतलेला दिसायचा. पद्मजाला ते बघवेना. एका सकाळी आंघोळ घालताना तिने पट्टी सोडली, पोटाला खोबरेल लावलं आणि पुन्हा बांधलीच नाही. वरून झबलं घातलं, सासूला दिसू नये म्हणून पोटावर आणखी एक फडकं घातलं. विकी त्या दिवशी पाय झाडत खिदळला. ते खिदळणं तिला फार महाग पडलं.

दुसऱ्या दिवशी तो रडायला लागला तो थांबेचना. दूध घेईना, घेतलं तर ओकून टाकी. सासूने झबलं वर केलं, पट्टी नाही हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग पट्टी पुन्हा बांधली, आधीपेक्षा घट्ट. बेंबी बसवणाऱ्या एका बाईला बोलावलं, तिने तेल चोळलं. एरंडाची पानं झाली, हिंगाचा लेप झाला. शंकर कारखान्यातून आला आणि विकीला घेऊन रिक्षा हॉस्पिटलात पोचेपर्यंत लेकरू रडायचंसुद्धा थांबलं होतं. सूर्य मावळायच्या आत सगळं आटोपलं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सासू तिला एवढंच म्हणाली, ‘पट्टी तू सोडली. लेकरू तिथूनच गेलं.’ पुन्हा कधी त्यावर भांडण केलं नाही, टोमणा मारला नाही. गरजच नव्हती. ते एक वाक्य पद्मजाच्या अंगात मुरून बसलं.

पुढे शिशिर झाला. त्याची बेंबी नीट होती, खोलगट, कुठे फुगवटा नाही. तरीही तो शाळेत जायच्या वयाचा होईपर्यंत पद्मजाने त्याच्या पोटाची पट्टी सोडली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, इथे तर ताकही नव्हतं. आजही शिशिर उघडा बसला की कमरेभोवती एक फिकट रेघ दिसते. मित्र विचारायचे, तर तो म्हणायचा, ‘मेरी माँ ने मुझे पार्सल समझा था.’ सगळे हसायचे. पद्मजा स्वयंपाकघरात निघून जायची.

आणि दुपारी विकी रडायचा. जेवणं झाली, भांडी आवरली, घर शांत झालं, कूलर घरघरायला लागला, की त्या घरघरीच्या आतून एक बारीक रडणं यायचं. ती उठून बघायची. या खोलीत, त्या खोलीत, गॅलरीत. क्वार्टर सोडून ते तेलीबांधा तलावाजवळच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा तिला वाटलं होतं रडणं तिथेच राहील. सामान लावून झालं त्याच दुपारी ते आलं. ती शंकरला सांगायची नाही. शंकर पेपर तोंडावर घेऊन झोपलेला असायचा. निदान तिला तसं वाटायचं.

शिशिरला मुलगी झाली. सून देवश्री ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातली. मराठी सगळं समजायचं, बोलणं मात्र हिंदीत. बाळंतपण माहेरी झालं. मुलीचं नाव गंधाली ठेवलं. बँकेची रजा संपत आली तशी देवश्री तिला घेऊन सासरी आली, आणि मोकळेपणाने म्हणाली, ‘आई, दिन में आप ही रखोगी ना? मैं क्रेश-वेश में नहीं डालूँगी.’ शंकरने लगेच नात उचलून खांद्यावर घेतली. त्याला लेकरांचं भारी वेड. पद्मजा हो म्हणाली. आतून तिला इतका आनंद झाला की तिने तो कुणाला दाखवला नाही. नजर लागायची भीती दुसऱ्यांचीच असते असं थोडंच आहे.

मग देवश्रीने डायपर बदलायला म्हणून फ्रॉक वर केला. गंधाली कुरकुरली, तोंड लाल करून रडली आणि तिच्या पोटावर बेंबी वर आली. गोल, चकचकीत, लिंबाएवढी.

पद्मजा भिंत धरून उभी राहिली.

‘अरे आई, कुछ नहीं है,’ देवश्री डायपरची पट्टी चिकटवत म्हणाली. ‘हर्निया है, छोटा-सा. डॉक्टर बोली अपने आप बंद हो जाएगा.’

अपने आप. त्या दिवसापासून पद्मजाच्या जिवाला थारा राहिला नाही. कणीक मळताना, टीव्हीसमोर बसताना तिचं लक्ष त्या पोटावर. रडणं आलं की ती ताठ व्हायची, आणि हे रडणं गंधालीचं की त्याचं, हे कळायला तिला क्षणभर लागायचं. एकदा दोन्ही एकदम आली. तिने कानात बोटं घातली. एक थांबलं, एक चालूच राहिलं.

देवघरात कुंकवाच्या करंड्यामागे तो ढब्बू पैसा होता. सासू गेल्यावर तिच्या बाकीच्या वस्तू वाटल्या गेल्या, हा कुणाला द्यायची हिंमत पद्मजाला झाली नव्हती, टाकायचीही नव्हती. देवश्री आंघोळीला गेली असताना तिने मलमलीची पट्टी फाडली, पैसा चिंधीत गुंडाळला आणि पाळण्यातून पोरीला उचललं.

किती वर्षांनी तान्हं लेकरू हातात आलं होतं. ते कोमट वजन, ती डुलणारी मान, डोक्याचा तो तेलकट गोड वास. गंधालीने तिच्याकडे पाहिलं आणि दात नसलेलं तोंड भरून हसली. पद्मजाला हुंदका आला. रडत रडतच तिने ती पट्टी बांधली. घट्ट.

देवश्री बाहेर यायच्या आधी ती सोडायची, आणि संधी मिळाली की पुन्हा बांधायची. असं काही दिवस चाललं. चोरी पचते असं वाटायला लागतं तेव्हाच ती उघडी पडते. एका संध्याकाळी देवश्रीने अंग पुसताना पाहिलं: बेंबीभोवती लालबुंद गोल, एका बाजूला कातडी ओली झालेली.

‘ये किसने किया?’

पद्मजाने पैसा पदराआडून काढून टेबलावर ठेवला. नाकारायचं तिच्या मनातही आलं नाही.

शिशिर ऑफिसातून येईपर्यंत देवश्रीची बॅग अर्धी भरून झाली होती. ‘मैं इसको यहाँ नहीं छोड़ सकती, शिशिर. मम्मी के पास रखूँगी. आई को प्यार है, मैं जानती हूँ, लेकिन स्किन देखो इसकी!’

‘आई, काहून असं करतेस तू?’ शिशिर वैतागला. ‘त्या जुन्या गोष्टी अजून डोक्यात घेऊन बसली आहेस का?’

पद्मजा खुर्चीत बसून होती. ती सुनेकडे बघून म्हणाली, ‘विकीची सोडली होती मी. दुसऱ्या दिवशी गेला तो. हिची कशी सोडू?’

देवश्रीचे हात बॅगेतच राहिले. या घरात शिशिरच्या आधी एक मूल होतं आणि गेलं, एवढंच तिला माहीत होतं. कसं गेलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पद्मजाने सगळं सांगितलं, तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग बॅगेची चेन लावली आणि सासूसमोर जमिनीवर बसली. ‘आई, कल डॉक्टर के पास चलो मेरे साथ. जो मुझे बोला, वो आप खुद पूछो. उसके बाद भी डर लगा तो मैं मम्मी के घर जाऊँगी. लेकिन पहले पूछो.’

‘कायले जाता वो?’ शंकर सोफ्यावरून बोलला. एरवी अशा वेळी तो तोंडातून अक्षर काढत नसे. ‘चाळीस वर्षं होत आले. गेलेल्या लेकराचं आता डॉक्टर काय सांगन? उगीच जिवाले त्रास.’ आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

समता कॉलोनीतल्या त्या दवाखान्यात सकाळी गर्दी होती. डॉक्टर पूर्णिमा नागपूरकडच्या, पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी गंधालीचं पोट पाहिलं, लाल गोल पाहिला आणि रागावायच्या बेतात असतानाच त्यांचं लक्ष पद्मजाच्या चेहऱ्याकडे गेलं. त्या रागावल्या नाहीत.

‘इकडे या आजी. बोट द्या तुमचं.’ त्यांनी पद्मजाचं बोट धरून फुगवट्यावर ठेवलं आणि हलकेच दाबलं. आत काहीतरी गुडगुडलं आणि फुगवटा पोटात निघून गेला. पद्मजाने हात मागे ओढला.

‘घाबरू नका, आतड्यातली हवा आहे ती. बेंबीमागच्या स्नायूला जन्मतः एक फट राहते. पोट्टी रडली, खोकली, कुंथली, की तिथून वर येते. मऊ आहे, आत जाते, पोरगी दूध पिते, हसते. मग बघायचं आणि सोडून द्यायचं. बहुतेक लेकरांची फट तीन-चार वर्षांत आपोआप बुजते. शाळेत जायचं वय झालं, तरी मोठी राहिली, तर लहानसं ऑपरेशन.’

‘पट्टीनं?’

‘पट्टीनं काही बुजत नाही. कातडी सडते, पिकते. आणि वाईट म्हणजे खाली काय चाललंय ते दिसत नाही.’

‘मंग भ्यायचं कवा?’ पद्मजाने विचारलं.

‘फुगवटा कडक झाला. दाबून आत जाईना. हात लावला की लेकरू किंचाळतं. रंग लाल-काळा पडला. उलट्या, त्यातही हिरव्या. पोट ताठ, शी बंद. यातलं काही दिसलं, तर घरी दाबत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. तेव्हा वेळ घालवायची नाही.’

‘हिरव्या’ म्हटल्यावर पद्मजाने पदर तोंडाशी नेला. देवश्रीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना हिंदीत विकीचं थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी बाहेरच्या मुलीला सांगून पुढचा पेशंट थांबवला.

‘त्या दिवशी ओकला, ते हिरवं होतं?’

‘पालकाच्या पाण्यासारखं.’

‘बेंबी कडक झाली होती?’

पद्मजाने डोळे मिटले. तो दिवस तिने इतक्या वेळा पाहिला होता, पण असं कुणी बोट ठेवून विचारलं नव्हतं. सासूचा अंगठा बेंबीवर. अंगठा दाबते, बेंबी आत जाते. विकी रडतो, वर येते. पुन्हा दाबते, पुन्हा आत. हिच्यासारखंच, आत्ता बोटाखाली झालं तसंच.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मऊ होती. आत जात होती.’

‘मग तो त्यानं नाही गेला, आजी,’ डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ‘लंगोट सोडून खाली कुणी पाहिलं होतं का? जांघेत? मुलग्यांना तिथेही फट असते. तिथला हर्निया अडकतो. तो कधी थांबून बघायचा नसतो.’

आणि पद्मजाला दिसलं. लंगोट बदलताना उजव्या जांघेशी एक गाठ. सुपारीएवढी, टणक, लालसर. हात लागला तसा विकीने श्वासच धरला होता. ती उठून चुलीपाशी गेली होती, सासूला म्हणाली होती, ‘माय, याच्या जांघेत काहीतरी आलंय.’ सासू एरंडाची पानं शेकत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पोट्ट्याच्या जातीले गोळी वर-खाली होतेच. तुले बोंबी दिसून नाई राह्यली का?’ आणि तिला वाटलं, हो, खरंच, मुलग्यांचं आपल्याला काय कळतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं अख्खं घर त्या बेंबीवर धावत राहिलं आणि लेकरू दुसरीकडेच जळत होतं. पुढे व्हरांड्यात ते वाक्य कानात पडलं आणि त्याखाली ही गाठ अशी गाडली गेली, की तिची तिलाच आठवण राहिली नाही.

‘मी पाह्यली होती,’ ती म्हणाली. ‘मी सांगतलंही होतं.’

डॉक्टर पूर्णिमांनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, ‘इतक्या वर्षांनी मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून मला तेच वाटतं. पट्टी सोडल्यानं तर काहीच झालेलं नाही. ते तुम्ही चांगलंच केलं होतं.’

‘सकाळीच आणला असता तर?’

डॉक्टरांना ते उत्तर द्यायचं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ‘वाचू शकला असता,’ त्या म्हणाल्या.

परतताना देवश्री गाडी चालवत होती, गंधाली मागच्या सीटवर पद्मजाच्या मांडीवर झोपली होती. तलाव आला, गेला. एक ओझं उतरलं म्हणावं, तर त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं होतं, आणि हे नवं होतं, टोकदार होतं. विकी विनाकारण रडत नव्हता. तो सांगत होता. ती दुपारभर त्याच्या उशाशी बसून ऐकत होती आणि चुकीच्या जागी तेल लावत होती.

घरी शंकर गॅलरीत ताटात तांदूळ निवडत बसला होता. निवृत्त झाल्यापासून हे काम त्याने आपणहून घेतलं होतं. देवश्री गंधालीला घेऊन आत गेली. पद्मजा त्याच्यासमोर उभी राहिली.

‘विकीच्या जांघेत गाठ होती,’ ती म्हणाली.

शंकरचा हात ताटात थांबला. तो खाली बघत राहिला. कसली गाठ, असं त्याने विचारलं नाही. कुणी सांगितलं, असंही विचारलं नाही. आणि त्याने विचारलं नाही, तिथेच पद्मजाला सगळं कळलं. ती हळूच स्टुलावर बसली.

‘तुमाले मालूम होतं.’

शंकरने एक खडा काढला, कठड्यावर ठेवला. ‘हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं सांगतलं होतं,’ तो म्हणाला. त्याचा आवाज आधीच बारीक, तो आणखी बारीक झाला. ‘आतडी जांघेत फसली म्हणे. बोंबीचा काही संबंध नाही म्हणे. सकाळीच आणाले पाह्यजे होता म्हणे.’

‘कवा सांगतलं?’

‘तवाच. तुमी दोघी बाहेर होत्या.’

‘मंग तुमी व्हरांड्यात आले,’ पद्मजा म्हणाली. तिला ते आता स्वच्छ दिसत होतं: दार ढकलून बाहेर येणारा शंकर, खाकी शर्टावर ग्रीसचा डाग. ‘अन् मायनं मले म्हटलं, तू पट्टी सोडली म्हणून गेला. तुमी बाजूले उभे होते. तुमी ऐकलं.’

‘हव.’

‘काहून नाही बोलले?’

‘तिनंच म्हटलं होतं ना, गोळी आहे म्हणून. मले बोलली होती ते. मी सांगतलं असतं तं माय तिथंच मेली असती. ती जगलीच नसती, पद्मा.’

सासू पुढे वीस-बावीस वर्षं जगली. दर उन्हाळ्यात बरणी भरून लोणचं घालायची. नातवाची मुंज तिने पाहिली, दहावीचे पेढे वाटले, आणि झोपेत, सुखाने गेली.

‘माय गेल्यावर?’

‘तवा... जुनं झालं होतं. तू बी काही बोलत नव्हती. मले वाटलं, इसरली.’

‘इसरली,’ पद्मजा म्हणाली. तिला दुपारी पेपर तोंडावर घेतलेला शंकर आठवला. ती खोल्याखोल्यांतून हिंडायची तेव्हा त्या पेपरचं पान कधी उलटत नसे आणि घोरणंही ऐकू येत नसे. हा जागा असायचा. इतकी वर्षं हा जागा होता.

‘मी कोणाचं लेकरू घेतलं नाही,’ ती म्हणाली. ‘शिशिरलेसुद्धा भीत भीत पाजलं. लोक म्हणत हिचा हात वाईट आहे, तुमी ऐकत होते. माय जगली नसती म्हणता. अन् मी जगली का?’

शंकर रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नसलेलं, खांदे हलणारं. एरवी ती लगेच उठून पाणी आणायला गेली असती. आज ती त्याच्याकडे बघत बसून राहिली. तिला त्याची दया आली, आणि दया येऊनही तिला त्याला माफ करावंसं वाटलं नाही. दोन्ही खरं होतं.

आत गंधाली उठली आणि तोंड पसरून रडायला लागली. ‘आई, ज़रा उठाओ ना उसको,’ देवश्री स्वयंपाकघरातून ओरडली, ‘मेरे हाथ में आटा है!’

पद्मजा गेली. पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. फ्रॉकमधून बेंबी वर आलेली हाताला लागली; तिने दाबून पाहिलं, मऊ होती, गुडगुडत आत गेली. मग तिने डायपरची एक बाजू सैल करून दोन्ही जांघांवरून बोट फिरवलं. सगळं गुळगुळीत होतं. गंधाली अजून रडत होती, आणि पद्मजा तिच्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘सांग बेटा. मी ऐकून राह्यली. सांग.’